नखाची खाच

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाईंच्या शेजारी एक सासरे आणि बोटाला रुमाल गुंडाळलेले त्यांचे जावई बसले होते.

"तीस वर्षं त्या घडीच्या चाकूने मी फळं चिरली, सुतळ्या कापल्या, पेन्सिलींना टोकं काढली. तुम्हाला आठच दिवस दिला, जावईबापू."

"सुधारला मी, बाबा. लाकडी मूठ पॉलिश केली, कडी बसवली."

"नटवा अजून. आणि पातं उघडायला नखासाठी खाच होती, ती?"

"तिच्यात मळ साचायचा. घासून सपाट केली."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. त्यांनी मागच्याला पुढे जाऊ दिलं.

"मग उघडता कसा?"

"दुसऱ्या घडीच्या चाकूने."

"आणि बोट कशाने कापलं?"

"त्याच दुसऱ्या चाकूने."

"घरी गेलात की त्याचीही खाच घासून टाका. म्हणजे लेक माझी निर्धास्त झोपेल."