उलटी शिंक

मुलुंडला प्राण्यांच्या दवाखान्यात अनुपमा आपली मांजर घेऊन बसली होती. शेजारच्या आजी सारख्या आतल्या दाराकडे बघत होत्या. एवढ्यात आजोबा कुत्र्याला घेऊन बाहेर आले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"उलटी शिंक आहे म्हणाले."

"अहो, पण गोट्याला उलटी कुठे झाली?"

अनुपमालाही नेमका हाच प्रश्न पडला होता.

"उलटी म्हणजे उफराटी गं! आपण शिंकताना हवा बाहेर टाकतो, हा जोरात आत ओढतो."

"मान ताणून कसा घुरघुरत होता! मला वाटलं, गेला."

"गळा हळूच चोळायचा. आपोआप थांबतं."

"आणि औषध?"

"नको म्हणाले."

"म्हणजे आजार नाहीच?"

"नाही."

"मग तुम्ही आता का रडताय?"

"तेच कळत नाहीये गं मला."