कोंबडीचा खोकला

हसू नका, पण परवापासून मला आईच्या नजरेला नजर देता येईना. आमच्या मुखेडच्या घरामागं कोंबड्या हायत. त्यांच्या खुराड्यात मी आरा मशीनवरचा बारीक भुसा आणून टाकायचो अन् आई तो झाडून काढायची. परवा लाल कोंबडी सारखी शिंकायला लागली. मी घाबरून लगेच जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर म्हणले, "भुश्याच्या धुळीनं होतंय ते. सुताराकडं रंधा मारल्यावर जाड भुसा निघतो, तो आणून टाका. त्याची धूळ उडत न्हाई. पण ही कोंबडी तर लईच खोकून राहिली की हो!"

"न्हाई साहेब, ती आई हाय. खुराडं झाडून राहिली."

डॉक्टर म्हणले, "त्यांना कवापासून खोकला हाय?"

मला माहीतच नव्हतं. फोन कानाला तसाच धरून मी हाक मारली, "आई, तुला खोकला कवापासून हाय गं?"

"दिवाळीपासून," आई म्हणली. "पण आधी कोंबडीचं विचार बाबा, ती बिचारी मुकी हाय."