क्विरिनचा आवाज

...आणि वर मलाच विचारतात, 'गेर्नोट, कुत्रा मुका आहे का रे?' मुका कसला, तुम्हाला सांगतो, त्याच्या गळ्यात घंटा आहे घंटा, जर्मनीतल्या आमच्या सगळ्या आयफेलच्या डोंगरात असा आवाज नाही, आणि तो मी निवडलाय, या दोन कानांनी. माझं मागणं तरी काय होतं? त्यानं पाय चाटावेत, पेपर आणून द्यावा, असलं काही नाही. भुंकायचं होतं हो त्यानं. फक्त भुंकायचं.

आता तुम्ही म्हणाल, कुत्रं भुंकावं म्हणून कोणी जिवाला घोर लावून घेतं का? लोक गप्प बसवायला धडपडतात. बरोबर आहे, पण आमच्याकडे नोव्हेंबरात रानडुकरांचा हाका असतो, म्हणजे झाडीतून डुकरं उठवून मचाणांपुढे आणायची, मचाणं बारा आणि बंदूकवाले वीस, आणि आमचा फॉरेस्टर बुर्कहार्ट म्हणजे नियमाचा पक्का. 'ज्याचा कुत्रा सावजाच्या मागावर भुंकत जातो त्याला मचाण, बाकीच्यांनी काठ्या घेऊन काट्यांत शिरायचं.' का? तर तीन वर्षांपूर्वी एक मुका कुत्रा झाडीतून अचानक बाहेर आला आणि कोणीतरी डुकराचं पिल्लू समजून त्याच्यावर नेम धरला होता. वाचला बिचारा. कुत्रा भुंकत आला की वर बसलेल्याला कळतं, डुक्कर कुठून येतंय आणि मागे कोण आहे. मला हे सगळं पटतं. पण माझा डावा गुडघा गेलाय. मचाणाच्या सहा पायऱ्या मी दात-ओठ खाऊन चढतो आणि मग बसतो, काट्यांत कुठला शिरतोय! मी विचारलं, 'आणि ज्याचा कुत्राही नाही आणि गुडघाही नाही, त्यानं?'

'त्यानं सूप ढवळायचं,' बुर्कहार्ट म्हणाला. हसला पण नाही मेला.

एकेचाळीस वर्षं मी त्या मचाणावर बसलोय हो. एकेचाळीस वर्षांनंतर वाटाण्याचं सूप? रात्रभर तळमळलो आणि सकाळी उठून गाडी काढली.

गेलो ट्राउटवाइनबाईंकडे. या बाई शिकारी स्पॅनिएल पाळतात, आपला जर्मन स्पॅनिएल, तपकिरी, कुरळ्या कानांचा. त्यांच्याकडे 'क'चं वेत होतं, म्हणजे सगळ्या पिल्लांची नावं त्याच अक्षरावरून, तशीच रीत आहे. मी वाकून एका गोंडस पिल्लाला हात लावणार तोच बाई कडाडल्या, 'डोळे मिटा. पाठ करून उभे राहा. कुत्रा कानानं घ्यायचा असतो, डोळ्यानं घ्यायला ही काय सून आहे?' मी पाठ केली. बाईंनी सशाचं कातडं दोरीला बांधून गवतातून ओढत नेलं, आणि एकेक पिल्लू त्या वासावर सोडलं. पहिलं गेलं, चिडीचूप. दुसरं, चिडीचूप. सात पिल्लं अळीमिळी गुपचिळी. आणि आठवं... तुम्हाला सांगतो, आठवं निघालं आणि वास लागल्या पावलापासून शेवटपर्यंत ख्यँव ख्यँव ख्यँव, ससा दिसत नाही, कातडं दिसत नाही, नुसता वास आणि आनंद. माझ्या अंगावर काटा आला. बाई म्हणाल्या, 'हा क्विरिन. याचा आवाज देवानं दिलाय. तो वाढवायला काही करावं लागत नाही. फक्त बिघडवू नका.'

फक्त बिघडवू नका! हेच शब्द. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

आता ऐका, मी बिघडवला कसा. आमच्या गावात दुपारी एक ते तीन शांतता पाळायची. गवत कापायचं नाही, हातोडा मारायचा नाही, गालिचा झटकायचा नाही. रविवारी तर दिवसभर. आणि माझ्या कुंपणापलीकडे राहतात क्लोपबाई, निवृत्त शिक्षिका. त्या येऊन भांडत नाहीत. त्या चिठ्ठी टाकतात. पत्रपेटीत, घडी घालून, सुवाच्य अक्षरात. 'काल दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. कुत्रा. तीन वेळा.' बस, एवढंच. सही पण नाही. मी आपला लगेच शरमलो. आम्ही पडलो नियमाची माणसं, दुपारी दोनला आपल्या घरातून आवाज जातो म्हणजे काय? त्यात आधीची चाळीस वर्षं मी तितर-बटेर हुंगून दाखवणारे पॉइंटर कुत्रे पाळलेले, त्यांनी तोंडातून ब्र काढायचा नसतो. त्यामुळे माझं बोट आपोआप ओठावर जायचं. क्विरिनला बागेत खार दिसली, त्यानं ख्यँ केलं की मी, 'श्श.' मांजर गेलं, 'श्श.' रविवारी सकाळी तर नुसती माझी पावलं वाजली तरी तो तोंड मिटायचा.

रोसविथा, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणायची, 'गेर्नोट, भुंकायचा कुत्रा आणलास ना? मग गप्प काय बसवतोस?'

'अगं, एक ते तीनच तर गप्प बसवतोय,' मी म्हणायचो, 'बाकी बावीस तास त्याचेच आहेत.'

कुत्र्याला घड्याळ कळतं का हो? त्याला एवढंच कळलं की हा म्हातारा दिसला की तोंड बंद.

मला पत्ता लागला वर्षभरानं. मार्चमध्ये शेतात सशाच्या मागावर सोडला, तर नाक जमिनीला, शेपूट गरगर, सगळं उत्तम, आणि आवाज? मूग गिळून बसलेला. आठवडाभर हेच. एप्रिलमध्ये शिकारी कुत्र्यांची परीक्षा, तिथं परीक्षकांसमोर मागावर भुंकला तरच दाखला, आणि दाखला असेल तरच मचाण. पाया पडलो त्याच्या. लिव्हरचं सॉसेज दिलं. शेवटी वाटलं, आपण करून दाखवावं. आजूबाजूला पाहिलं, कोणी नाही, गुडघ्याखाली पोतं घेतलं आणि सशाच्या मागावर चार पायांवर निघालो, नाक खाली, ख्यँव ख्यँव ख्यँव. क्विरिन बाजूला बसून बघतोय, मान तिरकी करून, अगदी काळजीनं. मी चांगला वीस पावलं भुंकत गेलो. समोर पायमोजे दिसले. करडे, लोकरीचे.

वर पाहिलं तर क्लोपबाई. म्हणाल्या, 'गेर्नोटसाहेब, अडीच वाजलेत.'

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी. 'काल दुपारी अडीच. तुम्ही स्वतः.'

कसं तोंड दाखवायचं गावात? आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? भुंकायचं होतं हो त्यानं. फक्त भुंकायचं.

परीक्षेच्या दिवशी थंडी, चिखल, तीन परीक्षक, आणि त्यांतला मुख्य म्हणजे हाडाचा खडूस. पहिला ससा उठला, नजरेआड झाला, मी क्विरिनला मागावर लावला. सहाशे पावलं बिनचूक गेला. मुका. परीक्षकानं कागदावर काहीतरी खोडलं. दुसरा ससा. मुका. मुख्य परीक्षक म्हणाला, 'नाक सोन्याचं आहे रे. पण आवाजाशिवाय मला सही करता येत नाही. शेवटचा ससा.' आणि त्याच वेळी गुडघ्यानं दगा दिला आणि मी बांधावरून थेट खालच्या चरात. पाठीवर. चरात पाणी. पट्टा हातातून सुटला. रोसविथा थर्मास घेऊन मागून येत होती, तिनं पट्टा उचलला. तेवढ्यात ससा उठला. परीक्षक ओरडला, 'सोडा, कोणीतरी सोडा!' तिनं सोडला.

आणि मी चरात पडल्या पडल्या ऐकलं. घंटा! ट्राउटवाइनबाईंच्या गवतातली तीच, पण आता मोठ्या गळ्याची, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक श्वास सुटत नाही तर दुसरा. मी रडलो हो. चरात कोण बघतंय? मग राहवेना, उठलो, बांधावर डोकं काढलं आणि म्हणालो, 'शाबास!' क्विरिननं वळून माझ्याकडे पाहिलं. आणि गप्प.

मुख्य परीक्षक माझ्याकडे न बघता म्हणाला, 'खाली बस.'

बसलो. पाण्यात. पुन्हा घंटा सुरू.

पास झाला. चांगल्या गुणांनी. दाखल्यावर शेरा लिहिला: 'आवाज उत्कृष्ट. मालक दृष्टीआड असावा.' मी तो दाखला घेऊन बुर्कहार्टकडे गेलो. त्यानं दोनदा वाचला. म्हणाला, 'कुत्रा येईल. रोसविथा सोडेल.'

'आणि मी?'

'तू असशील तिथं तो मुका. म्हणजे तू असशील तिथं कुत्रा नाही. नियम तुला पाठ आहेत.'

तर गेल्या नोव्हेंबरात, एकेचाळीस वर्षांनंतर, मी जंगलातल्या झोपडीमागे, डाव हातात, समोर वाटाण्याच्या सूपचा हंडा. ज्या रोसविथानं आयुष्यात डुक्कर फक्त ताटात पाहिलं ती माझ्या मचाणाखाली उभी, माझी टोपी घालून. मन आंबलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मग दरीतून आवाज चढायला लागला. घंटा वर येतेय, वळतेय, जवळ येतेय, डुकरं पुढे, हा मागे, आणि सगळ्या मचाणांवरची माणसं त्याच्या आवाजावर बंदुका फिरवतायत. माझा क्विरिन! छाती भरून आली. आणि शेजारी कांदे चिरणारी मंडळी आपली बडबड करतायत, कोणाचं मूत्रपिंड, कोणाचा जावई. मला ऐकू येईना. मी बोट ओठावर नेलं आणि सगळ्यांना म्हणालो, 'श्श!'

जंगल गप्प झालं.

झोपडीपासून तीस पावलांवर होता क्विरिन. डुकरं गेली बुर्कहार्टच्या डाव्या हाताकडून, त्याला कळलंच नाही, आणि त्यांच्यामागून झाडीतून काहीतरी तपकिरी बिनआवाजाचं निघालं तेव्हा त्यानं बंदूक खांद्याला लावली होती. क्विरिनच्या अंगावरचं नारिंगी जॅकेट दिसलं म्हणून... जाऊ दे. क्विरिन सरळ माझ्याकडे आला, पायाशी बसला, तोंड घट्ट मिटून, कसं शहाणं बाळ.

कोणी रागावलं नाही. बुर्कहार्टनं सूप संपवलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. यंदा क्विरिन आणि रोसविथा पहिल्या मचाणावर आहेत. आणि सूप शेजारच्या गावातून येणार आहे, सात किलोमीटरवरून. मी ढवळून पाठवणार आहे.