माकूळही उडतो, ताई

(समुद्रकाठचा कडा. थोरली बहीण पक्ष्यांची डॉक्टर. धाकटी जहाजावर राहून माकुळांचा, म्हणजे स्क्विडचा, अभ्यास करते, सध्या सुट्टीवर. तिच्या हातांत टॉवेलमध्ये गुंडाळलेला समुद्री गरुड.)

धाकटी : जरा सैल धरू का? हात भरून आलेत.

थोरली : अजिबात नाही! पाय घट्ट धर. एक नखी लागली ना, तर जहाज तुझ्याविनाच सुटेल.

धाकटी : चोच बघ याची. अगदी माझ्या माकुळासारखी.

थोरली : झालं, आली माकुळावर! पंख तपासेपर्यंत तरी याचं कौतुक कर. आणि माकुळाला कुठली आलीये चोच?

धाकटी : असते गं. बाकदार, सगळ्या हातांच्या मधोमध लपलेली. शिवाय हृदयं तीन. तुझ्या गरुडाला एकच.

थोरली : एक पुरतं त्याला. उडतो तो.

धाकटी : आमचाही उडतो.

थोरली : चल, काहीतरीच!

धाकटी : अगं, खरंच. एका जातीचा उडतो. मोठा मासा मागे लागला की पिचकारीसारखं पाणी मागे सोडतो आणि हवेत झेप घेतो. मागच्या सफरीत एक थेट जहाजावरच्या आचाऱ्याच्या छातीवर आदळला. पांढरा सदरा शाईनं काळाकुट्ट!

थोरली : अरे देवा! मग तो काय म्हणाला?

धाकटी : म्हणाला, चला, आता मासे घरपोच यायला लागले.

थोरली : हसवू नकोस, माझा हात हलतोय. हाड छान जुळलंय. पण आज वारा फार आहे. उद्या बघू.

धाकटी : ताई, गेल्या आठवड्यातही 'उद्या'च होतं म्हणे.

थोरली : तुला कोण सांगतं गं हे सगळं?

धाकटी : तुझी नर्स. मोठ्या पिंजऱ्यात तो मस्त उडतो, हेही तिनंच सांगितलं.

थोरली : पिंजरा वेगळा. जाळ्यातून काढला तेव्हा डावा पंख चिंधीसारखा लोंबत होता. सगळे म्हणाले, इंजेक्शन देऊन सोडव बिचाऱ्याला. मीच हट्टानं ठेवून घेतला. आता माझ्या डोळ्यांदेखत कोसळला तर?

धाकटी : तर दोघी खाली उतरू आणि उचलून आणू. त्यात काय? मी आहे ना.

थोरली : आहेस खरी.

धाकटी : मग सोडू?

थोरली : थांब, दे इकडे. मीच सोडते. टॉवेल काढ... हं. जा रे राजा!

धाकटी : खाली चाललाय.

थोरली : मला नाही बघवत.

धाकटी : ताई, डोळे उघड. अगं, उघड लवकर! वळला. वर येतोय!

थोरली : डावा पंख... पूर्ण उघडलाय गं! बघ, कसा वाऱ्यावर टेकून चाललाय.

धाकटी : हे मात्र माकुळाला जन्मात जमायचं नाही. कबूल. तो बिचारा लगेच धपकन पाण्यात.

थोरली : असू दे. उडतो तर खरा. मला दाखव कधीतरी.

धाकटी : येशील जहाजावर? तू?

थोरली : येईन की. आता जिवाला घोर नाही. बस इथं, दिसेनासा होईपर्यंत बघू.

धाकटी : मला तर केव्हाच दिसेनासा झाला.

थोरली : अशी जवळ सरक. माझ्या बोटाच्या सरळ रेषेत बघ.