रविवारपुरत्या साड्या

आदरणीय अध्यक्ष श्री. अँब्रोज परेरा, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या 'सौजन्य' सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आजवरचे सचिव श्री. सुधीरराव टिपणीस, विकासकांच्या वतीने वेळात वेळ काढून आलेले आणि मघापासून घड्याळाकडे बघत असलेले साहेब, आणि आपापल्या गाडीच्या जागेवरच खुर्ची टाकून बसलेल्या माझ्या सभासद बंधू-भगिनींनो,

बोलायला सुरुवात करण्यापूर्वी मला एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ती व्यासपीठावरच्या चहाविषयी आहे. हा चहा समोर येतो तो नेमका दीपप्रज्वलनाच्या वेळी. तेव्हा उभं राहावं लागतं. मग पाहुण्यांचा परिचय. स्वतःचा परिचय चालू असताना चहा पिणारा माणूस गर्विष्ठ दिसतो, आणि दुसऱ्याचा चालू असताना पिणारा मत्सरी. तोवर चहावर साय धरते. ती बोटानं काढावी, तर समोर अख्खी सोसायटी बसलेली. मी विचारतो, ज्या चहाला तोंड लावायची सोय नाही, तो माणसासमोर ठेवण्यात कुठला सन्मान आहे?

ही तक्रार मी सुधीररावांकडे घेऊन गेलो असतो, तर त्यांनी चष्मा पुसून एवढंच म्हटलं असतं, "लेखी द्या."

मंडळी, पुढच्या आठवड्यात ही इमारत पाडायला घेतील. विकासक आधी पाडतो आणि मग विकास करतो, हा क्रम आता आपल्याला पाठ झाला आहे. अध्यक्ष कल्याणला जातील, मी घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये, जिथून वागळे इस्टेटमधल्या ऑफिसला पोहोचेपर्यंत माणूस निवृत्त होतो. सुधीरराव आणि त्यांचा मुलगा अद्वय डोंबिवलीला भाड्याच्या घरात जातील. परत कधी येऊ, ते साहेबांना विचारून त्यांना अडचणीत आणू नका.

सुधीररावांविषयी चार शब्द बोल, असं मला सांगितलं गेलं. पण हे गृहस्थ स्वतः आयुष्यात चार शब्द बोलले तर ते नोटिशीत. पाणी येणार नाही, नोटीस. गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, नोटीस. खाली सही, तारीख, जावक क्रमांक. काही वर्षांपूर्वी त्यांनी एक नोटीस काढली होती: 'चौथ्या मजल्यावरील सदनिकेतून येणाऱ्या कर्कश आवाजाबाबत.' पाठवणारे सुधीर टिपणीस, घेणारे सुधीर टिपणीस. मिळाल्याची सहीसुद्धा त्यांचीच. तेव्हा त्यांच्या पत्नी मंदाकिनीवहिनी जिन्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आता उत्तर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा हं. नाहीतर तुम्ही म्हणाल, मला मिळालंच नाही."

तो कर्कश आवाज अद्वयच्या गिटारचा होता. तो जे संगीत करतो त्याला मेटल म्हणतात. गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचा, आणि फाटूनही तो जाडजूड, भरदार यायला हवा, छातीवर कुणी गव्हाचं पोतं टाकल्यासारखा. कॉम्प्युटरमध्ये असले आवाज तयार मिळतात म्हणे. अद्वयला ते नको होते. त्याच्याकडे एक जुना अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, होता, तो खऱ्या खोलीत मोठ्यानं वाजवायचा, समोर माइक लावायचा आणि तेच रेकॉर्ड करायचं. आता मोठ्यानं वाजवलं तर बापाची नोटीस, हळू वाजवलं तर आवाजाला अंग नाही.

मार्ग वहिनींनी काढला. "माझ्या कपाटात ठेव की तो खोका."

भिंतीत बसवलेलं प्लायवूडचं मोठं कपाट. वर हँगरला साड्या, खाली साड्यांच्या घड्या, मागे साड्यांचे गठ्ठे. त्यांच्या मधोमध जागा करून अँप आणि माइक ठेवला. कपाटाची कडी सैल होती, आवाजाच्या दणक्यानं दार उघडायचं. म्हणून वहिनी दाराला पाठ लावून जमिनीवर बसायच्या आणि मांडीवर मेथी निवडायच्या. आमच्या घरी, बरोबर खालच्या मजल्यावर, नुसती एक गुरगुर ऐकू यायची. शेजारी घोरतो, तेवढीच. तक्रारी थांबल्या.

एकदा मी वर्तमानपत्र मागायला गेलो होतो. अद्वय नुकतंच वाजवून थांबला होता.

"पातळ आहे रे अजून," वहिनी म्हणाल्या.

"आई, गेन फुल केलाय. याच्यावर जातच नाही."

"ते तिखट झालं. तिखट वाढवून आमटी दाट होत नसते, नुसती झोंबते. डाळ कुठाय तुझी?"

अद्वय हसला. मग खरंच त्यानं तिखट, म्हणजे आवाज फाडणारं ते गेनचं बटण, अर्ध्यावर आणलं आणि खाली बेस गिटारची डाळ घातली. तेच गाणं दोनदा वाजवलं, एकदा डाव्या कानासाठी, एकदा उजव्या. संध्याकाळी वहिनींनी मला जिन्यात अडवून सांगितलं, "भाऊजी, आज जमलं हो. चमचा उभा राहील असं."

अशी त्याची गाणी होत गेली. एकच राहिलं होतं.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. त्याविषयी मी बोलणार नाही. तुम्ही सगळे होतात.

तेराव्यानंतर, अद्वय ऑफिसला गेलेला असताना, सुधीररावांनी ते कपाट उघडलं आणि सोसायटीतल्या बायकांना बोलावलं. "जी आवडेल ती घेऊन जा." अशा वेळी आवडेल ती असं काही नसतं, हाताला लागेल ती असते. आमची हीसुद्धा एक घेऊन आली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. नंतर मी सुधीररावांना विचारलं, इतकी घाई का केलीत? ते म्हणाले, "कपाट उघडलं की तिचा वास यायचा. झोप लागेना हो."

अद्वय घरी आला तेव्हा कपाटात हँगर होते.   त्यानंतर कित्येक महिने त्या घरात 'दूध आणलंय का' याच्या पुढे संभाषण गेलेलं मी ऐकलेलं नाही, आणि माझे कान, तुम्हाला माहीतच आहे, फार जबाबदार आहेत.

मग इमारतीची तारीख ठरली. कपाट भिंतीतलं, ते काही डोंबिवलीला नेता येणार नव्हतं. म्हणून अद्वयनं राहिलेलं गाणं हाती घेतलं. बाकीची सगळी याच कपाटात झालेली, हे शेवटचंही त्याच आवाजात व्हावं, एवढीच त्याची इच्छा. आणि तो आवाज येईना. खालून मलासुद्धा कळत होतं. रिकाम्या पिंपात दगड टाकावा तसा यायचा. त्यानं तारा बदलल्या, माइक सरकवला, नवं पेडल आणलं. आईनं सांगितलेलं विसरून तिखटही भरपूर घातलं. आवाज पोकळच.

एका संध्याकाळी त्यांचं दार उघडं होतं आणि मी जिन्यात होतो. का होतो, हे विचारू नका.

"कालच्यापेक्षा बरा वाटतोय," सुधीरराव म्हणाले.

"बरा नाहीये, बाबा."

"मग नवीन काय लागतं ते घे ना. मी देतो."

"नवीन घेऊन काय करू? कपाट रिकामं आहे. रिकाम्या कपाटात आवाज असाच येतो. तुम्ही रिकामं केलेलं ते. मला एकदा विचारायचं तरी होतं."

 मी चपला हातात घेऊन खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर नोटीस होती. तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली, आणि वाचल्यावर तिच्याविषयी एकमेकांशी बोलला नाहीत, याबद्दल मी तुमचा कायमचा ऋणी आहे. 'सर्व संबंधित भगिनींना कळविण्यात येते की, मंदाकिनीच्या साड्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या येत्या रविवारी दुपारी, केवळ त्या दिवसापुरत्या, चौथ्या मजल्यावर आणाव्यात. सायंकाळी सन्मानाने परत करण्यात येतील. तसदीबद्दल क्षमस्व.' खाली 'सचिव' नव्हतं. नुसतं 'सुधीर'. आणि जावक क्रमांक नव्हता.

दिलेली वस्तू आपल्याकडे कुणी परत मागत नाही. एका दिवसापुरतीही नाही. हे काय सुधीररावांना माहीत नव्हतं?

रविवारी दुपारी जिना भरला. बायका वर गेल्या, आम्ही पुरुषांनी नेहमीप्रमाणे जिन्यात उभं राहून सहकार्य केलं. अध्यक्षांच्या लुर्दसबाई गोधडी घेऊन आल्या. "सुधीर, रागावू नको हां. साडी नाय राहिली. आमच्या सेरेनाच्या बाळासाठी शिवून टाकली मी."

सुधीररावांनी गोधडी उलटीसुलटी करून पाहिली. "टाके छान आहेत," म्हणाले, आणि स्वतःच्या हातानं कपाटात ठेवली.

सगळ्यात शेवटी आपला जिना झाडणाऱ्या बायजाबाई आल्या. साडी नेसून. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बायजाबाई म्हणाल्या, "म्या न्हाई काढून द्यायची. हितं टेकून बसते दाराला. मग आलीच ना साडी कपाटाला?"

आणि बसल्या. दाराला पाठ लावून.

अद्वयनं तारा जुळवल्या. पहिल्यांदा वाजवताना हात चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. तिसऱ्यांदा आवाज आला. मला त्या संगीतातलं आजही ओ की ठो कळत नाही, पण जिन्याच्या कठड्यावर हात होता माझा, आणि कठडा आतून भरल्यासारखा झाला. बायजाबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

अद्वयनं हेडफोन काढला आणि बापाच्या कानांवर चढवला. सुधीररावांनी आधी चष्मा काढला, का ते माहीत नाही. बराच वेळ ऐकत राहिले. नव्यात अजून नुसती गिटार होती, म्हणून अद्वयनं एक जुनं गाणं लावलं होतं, ज्यात त्याचा आवाजही होता.

"काय म्हणतोयस हे?"

"काही नाही, बाबा. ओरडतोय."

"हं," सुधीरराव म्हणाले. "ओरड."

नंतर मी अद्वयला एकट्याला गाठलं. मला वाटलं होतं, शास्त्र समजून घ्यावं. तो म्हणाला, "काका, कपाटात गाद्या भरल्या असत्या तरी झालं असतं. मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"बाबांनी नोटीस लावलेली ना."

आणि तो आवाज वहिनींच्या वेळचा आला का? मी तेही विचारलं. "नाही," म्हणाला. "जवळ आला. तसा नाही."

संध्याकाळी एकेक साडी परत गेली. सन्मानानं, लिहिल्याप्रमाणे. लुर्दसबाईंनी गोधडी तिथेच ठेवायचा प्रयत्न केला. सुधीररावांनी ती त्यांच्या हातात दिली. "दिलेलं परत घ्यायचं नसतं. एका दिवसाचं ठरलं होतं." अंधार पडेपर्यंत कपाट पुन्हा रिकामं झालं. वहिनींचं म्हणावं असं त्या घरात काही उरलं नाही, कारण या गृहस्थांनी साड्यांबरोबर त्यांच्या नावाची भांडीकुंडीसुद्धा देऊन टाकली होती. आता भिंतही जाईल. बापलेक मात्र त्या रात्री एका ताटलीत पोहे खात होते, हे मी चहा पावडर मागायला गेलो तेव्हा पाहिलं.

असो. सुधीरराव, तुम्ही आमची पाण्याची टाकी सांभाळलीत, हिशेब सांभाळलेत, आम्हा भांडखोरांना सांभाळलंत. संस्थेच्या वतीनं तुमचे आभार. अध्यक्षांचे आणि संयमानं बसलेल्या साहेबांचे आभार. खुर्च्या मांडणाऱ्यांचे विशेष आभार, कारण उचलायच्याही त्यांनाच आहेत. माझी जीभ तिरकी आहे, ती कुणाच्या दाराआड फार डोकावली असेल तर आज शेवटचं म्हणून पोटात घाला. तुमच्या खासगी दुःखाची मी चारचौघांत वाच्यता केली, सुधीरराव, त्याबद्दल तुम्ही मला नोटीस काढू शकता. मी सही करून घेईन. नमस्कार.

माइक जरा तिकडे धरा हो, हे माइकवर नको. सुधीरराव, टेबलाखाली पिशवी आहे. तुमचा डबा आहे त्यात. दवाखान्यात जायच्या आधी वहिनींनी अळूवडी पाठवली होती, तेव्हापासून आमच्याकडेच राहिला. हा काही दिलेला नाही, परत करायचाच होता, तेव्हा नाही म्हणू नका. झाकणावर नाव कोरलेलं आहे त्यांचं. रिकामा कसा द्यायचा, म्हणून हिनं साखर घातली आहे. खालून धरा. झाकण सैल आहे.