पीटर्सबर्गला दिवेलागण नव्हती

—बस गं शर्वाणी, उठतेस कुठे? चहा न घेता सोडलं तर मेधा आपल्या आईलाच बोलेल, हॉस्पिटलातली एवढी जिवाभावाची मैत्रीण तू तिची— येईलच ती ड्यूटीवरून. मी आपली खिडकीशीच उभी राहते. तर पीटर्सबर्ग! काय सांगू, शहर आहे की लग्नघर? सोन्याचे कळस, कालवे, पूल, मेट्रोत उतरलं तर तिथेही झुंबरं! आमचा पुण्याचा ग्रुप, सगळ्यांच्या डोक्यावर भगव्या टोप्या, पिशव्यांत खाकरे. एवढा राजवाडा समोर आणि आमची मंडळी विचारतायत, बाथरूम कुठेय? हसू नकोस, मीही विचारलं— पण एक सांगू? जूनमध्ये तिथे रात्रच होत नाही गं. दिवेलागणच नाही! आणि आमचे हे— बँकेत असोत, मित्राकडे असोत, लग्न झाल्यापासून बघतेय, दिवे लागायच्या आत घरात. मी देवाशी निरांजन लावायचं, यांनी दारात चपला काढायच्या. तिथे मी हॉटेलचे पडदे ओढून विचारायची, लावू का आता? तर म्हणायचे, अगं, उजेड आहे अजून, जरा फिरून येतो—

हरवले? नाही गं, मागे राहिले, एवढंच. आम्ही बसमध्ये बसलो, तर टूरवाली सरिता ओरडतेय, वीणाताई, साहेब कुठेत तुमचे? धावले परत त्या राजवाड्यात. तिथे दालनादालनात एकेक म्हातारी खुर्ची टाकून बसलेली असते, चित्रांवर लक्ष ठेवायला. एकीने यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलेलं, आपण उभी, यांचा हात हातात धरून. हे तिला मराठीतून सांगतायत, दिवे लागले की आई येईल न्यायला. आणि ती रशियनमधून समजूत घालतेय. मला इतकं बरं वाटलं गं त्या बाईचं— आणि इतकी भीती वाटली— दमले होते, बाकी काही नाही. हे डॉक्टरी प्रश्न नकोत हं मला.

एकदाच झालं. म्हणजे, तिथे एकदाच. इथे मेधाकडे आल्यावर परवा समोरच्या आयरिश बाईंनी आणून सोडलं, ‘ही इज ग्रँड’ म्हणाल्या हसून, म्हणजे अगदी ठीक आहेत म्हणे. ह्या क्लोनडॉकिन उपनगरातली घरं तरी बघ ना, सगळी एका साच्यातली, माझंही चुकतं! आणि जेवणं झाली तरी ऊन. माणसाने परतायचं कधी? —आत्ता? फिरायला गेलेत. तू यायच्या आधी. बऱ्याच आधी गं— नाही, मेधाला फोन नको! ठेव तो. तिला कळलं तर ती आम्हाला जाऊच देणार नाही, तपासण्या, गोळ्या, आणि उद्या कुठल्यातरी होममध्ये नेऊन— मला यांना पुण्याला न्यायचंय. तिथे वेळेवर अंधार पडतो. तिथे बरोबर घरी येतात हे. येतात म्हणते ना!

बेल! बघ, आले की नाही? उगीच घाबरवलंस मला. —अहो, किती वेळ हा? मी इथे— काय? कोण हवंय? अहो, मीच ना—... हो. हो, इथेच राहते वीणा. आत आहे ती, दिवाच लावतेय. या ना. चपला काढा. बसा हं, बसा.

शर्वाणी... लाव. लाव तो फोन.