टिंबाआधीचं शून्य

मंडळी, मागचे जरा पुढं सरका आणि मला सांगा — थर्मामीटरमध्ये ताप दिसला, तर औषध घ्यायचं की थर्मामीटर फोडायचा? हसता काय! फोडणारी माणसं आहेत, कडक इस्त्रीचे शर्ट घालून हिंडतात!

ऐका. एक कंपनी होती. दवाखान्यात औषधाच्या बाटलीवर लेबल चिकटवतात ना, ते छापायचा प्रोग्राम ती करायची. तिथं मृण्मयी खांबेटे नावाची मुलगी नव्यानं नोकरीला लागली होती. काम काय? प्रोग्रामच्या एकेका तुकड्याची परीक्षा घ्यायची. युनिट टेस्ट म्हणतात तिला! आकडा द्यायचा आणि अक्षरं बरोबर उमटतात का बघायचं. तिनं विचारलं, अर्धा मिली डोस कसा लिहिशील? उत्तर हवं "०.५". प्रोग्रामनं लिहिलं ".५". टिंबाआधीचं शून्य गायब! टेस्ट नापास.

आणि दुसऱ्या दिवशी हा प्रोग्राम लहान मुलांच्या वॉर्डात सुरू व्हायचा होता! तिचे साहेब, दामले, धावत आले. म्हणाले, "टेस्टमधलं उत्तर बदल. '.५' हेच बरोबर म्हणून लिही. होईल पास."

ऐकलंत? पोराचं गणित चुकलं, म्हणून पुस्तकामागचं उत्तर खोडायचं! अरे, जनाची नाही तर मनाची तरी!

मृण्मयी तरी म्हणाली, "सर, शून्य नसलं तर टिंब नजरेतून सुटतं."

"गणितात दोन्ही एकच. टिंबासाठी अडून बसायचं असेल, तर उद्यापासून घरीच बस."

आता मात्र तिला संताप आला. तिनं त्याच डोसाचं लेबल छापलं आणि त्यांच्या हातात दिलं. "सर, डोस किती आहे, वाचता का?"

टिंब नेमकं लेबलाच्या चौकटीच्या रेघेत बुडालेलं. साहेबांनी चष्मा सावरला. "पाच मिली," म्हणाले — आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

दसपट, मंडळी! त्या एवढ्याशा जिवाच्या पोटात दसपट औषध!

साहेबांनी लेबल टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "टेस्टला हात लावू नकोस. प्रोग्राम दुरुस्त करू. दवाखान्याला मी कळवतो, उद्या जमणार नाही."

साहेबांना हसू नका! घरात सून म्हणते, "बाबा, तुमचं बोलणं लागलं मला." तुम्ही काय करता? आवाज चढवता, तिलाच गप्प करता, म्हणजे थर्मामीटरच फोडता! आणि इथं कीर्तनाला येऊन टाळ्या वाजवता! आज घरी जा, तिच्यासमोर बसा, काय म्हणत होती ते विचारा. देवापुढं हात नंतर जोडा.